मास्तरांनी ठेवलेली जागा

मास्तर वाजवताना समोरचा कागद पालथा ठेवत. छापील बाजू स्टँडला चिकटलेली, कोरी बाजू त्यांच्याकडे. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती असं नाही; माझ्यापेक्षा लवकर वाचत. "एकदा बघितलं ना साहेब, आता परत परत काय बघायचं? लग्नाची पत्रिका आहे का?" असं म्हणत. मी त्यांच्या पुढच्या रांगेत, दुसऱ्या फळीतल्या व्हायोलिनवर. माझ्या कागदावर प्रत्येक खणाला, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या मापाला, पेन्सिलीने नंबर घातलेला होता. सहाशे बारा खण. सगळे पाठ होते, तरी मी नजर काढत नसे.

मास्तर मंडईमागच्या एका लग्नाच्या बँडचे मालक. क्लॅरिनेट वाजवत. आमचा वाद्यवृंद हौशी. कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी जमायचा. बावीस माणसं: डॉक्टर, प्राध्यापक, बँकवाले, आणि मी विमा कार्यालयातला. एका जुन्या जर्मन संगीतकाराची सिंफनी बसवायची होती आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांना माणसं नव्हती. आमचे संचालक, ज्यांना सगळे सर म्हणत, म्हणाले, "बँडवाल्यांना बोलावू." विरोधात एकच हात वर झाला, तो माझा.

मास्तर चार जणांना घेऊन आले. तिसऱ्याच रविवारी प्रकार घडला. त्या सिंफनीत एका ठिकाणी सगळा वृंद एका लांब सुरावर थांबतो. छापील हिशेबाने दोन खण. सगळे थांबले, मास्तर थांबले नाहीत. त्या सुरावरून हळूच वर चढले, सनईच्या वळणाचं काहीतरी घेतलं, कुठेतरी भलतीकडे गेले आणि अलगद मूळ सुरावर येऊन बसले. सर काठी खाली करायची विसरले.

मी म्हणालो, "मास्तर, इथे दोन खण आहेत. आपण अकरा वाजवलेत."

"मोजलेत? बरं केलंत," मास्तर म्हणाले. "साहेब, वरात दारात आली की नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत सूर सोडता येत नाही. इथे तर पंचवीस-सव्वीस माणसं थांबलेली. म्हटलं, कुणी उतरतंय का बघावं."

सगळे हसले. सर म्हणाले, "हे राहू द्या." त्या वृंदात मला चौदा वर्षं झाली होती. माझ्या कशालाही सर कधी "राहू द्या" म्हणाले नव्हते.

मग ती सिंफनी बदलतच गेली. संथ भागात मास्तरांच्या माणसाने मोठ्या पितळी वाद्यावर तंबोऱ्यासारखा एकच सूर धरला आणि व्हायोलिनं त्यावर मोकळी सोडली. डॉक्टर मंडळी लवकर येऊ लागली. माझी पत्नीसुद्धा तालमीला यायला लागली. घरी म्हणाली, "अहो, मास्तर वाजवतात तेव्हा पुढे काय होणार ते कळत नाही."

"माझ्या वेळी कळतं?"

"तुमच्या वेळी किती राहिलंय तेही कळतं."

मैफलीला दोन महिने असताना सरांनी ठरवलं, की त्या थांब्यावर मास्तरांनी काहीतरी विचारावं आणि एका व्हायोलिनने उत्तर द्यावं. कुणी, ते ठरवायचं नाही. ज्याला सुचेल त्याने. ती जागा मला हवी होती. इतकी, की ऑफिसात जमाखर्चाच्या कागदांवर माझी बोटं चालायची. मास्तर तालमीत काय विचारतात ते मी पाच रविवार टिपून घेतलं. थोड्याफार फरकाने तेच असे. मग दार लावून मी उत्तर तयार केलं, सोळा खणांचं, पेन्सिलीने लिहून, पाठ करून. तालमीत एकदाही वाजवलं नाही. मैफलीतच उठायचं होतं.

मैफलीत ती जागा आली. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं आणि वेगळंच विचारलं. तालमीत ते वर चढत, त्या दिवशी खाली उतरले, अगदी खर्जात गेले आणि थांबले. पुढे सगळं मोकळं. माझ्या सोळा खणांना तिथे दारच नव्हतं. गज माझ्या मांडीवर राहिला. मास्तरांनी वाट पाहिली, सात-आठ सेकंद तरी, आणि मग स्वतःच उत्तर दिलं. टाळ्या मध्येच पडल्या. पत्नीच्याही, मी बघितलं.

नंतर चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. "साहेब, जागा तुमच्यासाठी ठेवली होती."

"मला काही सुचलं नाही."

"मग बोटं कशी चालत होती तारांवर? गज खाली, आणि बोटं पळतायत."

मला राग आला. "रोज एक विचारता आणि नेमकं मैफलीत दुसरंच?"

"रोज तेच विचारलं, ते सगळ्यांनी ओळख करून घ्यावी म्हणून," ते म्हणाले. "आज खरं विचारलं."

पुढे चार वर्षांनी कळलं, की मास्तरांचे पुढचे दात गेले आणि क्लॅरिनेट सुटलं. खरं लिहायचं तर मला आधी बरं वाटलं. तेवढ्यासाठीच मी त्यांना भेटायला गेलो, व्हायोलिन घेऊन. काय दाखवायचं होतं, कुणास ठाऊक.

मास्तर खाटेवर बसले होते. घरातली माणसं बाजारात गेली होती. "आणलंय, तर काढा," म्हणाले. बोळक्या तोंडाने त्यांनी ती जागा गुणगुणली, खर्जापर्यंत गेले आणि थांबले. मी छापलेलं वाजवलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा गुणगुणले. मी माझे सोळा खण वाजवले. "हे पाठ आहे," ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा थांबले. या वेळी माझं बोट घसरलं आणि भलताच सूर लागला. मी गज उचलणार, तोच ते ओरडले, "सोडू नका! चूक चांगली आहे. तिच्या मागे जा."

मी गेलो. ते खालून गुणगुणत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. संपल्यावर मास्तर हसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

महिन्याभरात ते गेले. आमचं दोघांचं खरं वाजवणं झालं ते तेवढंच, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं. मला त्याची हळहळ वाटली. मास्तरांना अजिबात वाटली नव्हती, हे त्या दिवशी त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला.