बरी झालेली मुलगी

माझी मावशी सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. भिंतीला टेकलेले रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, पोट फाटलेल्या खुर्च्या. मागच्या खोलीत पलंगावर तिची मुलगी, माझी ताई. ताईच्या अंगातली ताकद पायांपासून वर वर संपत आली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हात टेकले. तिची कूस सारखी बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा झाल्या असत्या. मावशीचं काम चालू होतं ते चर्चमधल्या बायकांमुळे. त्या पाळीपाळीने येत, कूस बदलत, पाणी पाजत आणि गावभरच्या बातम्या सांगत. कोणाच्या सुनेने काय केलं हे ताईला पडल्या पडल्या कळे, मावशीला नंतर.

मग बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांच्या प्रार्थनेने आजारी माणसं उठतात, अशी ख्याती होती. आमच्या चर्चचे पाळक त्यांना घरी घेऊन आले आणि मागोमाग निम्मी मंडळी. प्रचारकांनी ताईच्या कपाळाला तेल लावलं आणि मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. ताईचा उजवा हात चादरीतून वर आला. बायका रडायला लागल्या. "हात उचलला! हात उचलला!"

सगळे गेल्यावर मावशीने विचारलं, "कसा गं उचललास?"

"तेल डोळ्यात जात होतं. त्यांना बाजूला ढकलत होते."

"पण जोर कुठून आला?"

"येतो मधूनच. परवा नाक खाजवलं की मी. तेव्हा कोणी रडलं नाही."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हात पुन्हा पहिल्यासारखाच पडून राहिला.

पुढच्या रविवारी पाळकांनी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत ताईचं नाव घेतलं नाही. आभाराच्या प्रार्थनेत घेतलं. बाहेर पडताना मावशीने त्यांना गाठलं. "साहेब, ती आहे तशीच आहे हो."

"दिसतं त्यावर जाऊ नका, बाई. मिळालंय असं धरून चाला."

बायका यायच्या थांबल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बऱ्या झालेल्या मुलीची कूस बदलायला जाणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मावशी चार टाके घाली, आत जाई, परत येऊन टाका शोधी. गिऱ्हाइकं कटकट करू लागली. ताईच्या कमरेवर पहिली जखम झाली.

त्याहून वाईट म्हणजे ताई गप्प झाली. एकदा मला म्हणाली, "देवाने दिलं असं सगळेच म्हणतात. मला मिळालं नाही. म्हणजे मीच त्याला नको असेन." मी तिची चादर सारखी करत बसले.

प्रचारक पुन्हा येणार होते. त्यांच्यासमोर मावशीने साक्ष द्यावी, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगावं, असं ठरलं. निरोप घेऊन पाळकीणबाई आल्या.

"मुलगी बरी झाली, एवढंच बोला. विश्वासाने बोला. मग बघा, बायका पुन्हा तुमच्या दारात."

"बरी झाली म्हणून यायच्या थांबल्या, आणि आता बरी झाली म्हटलं की येणार?"

"आनंद करायला येतील ना!"

"आनंद करता करता कूसही बदलतील का?"

पाळकीणबाईंनी पदर सारखा केला. आतून ताईचा आवाज आला, "म्हण ना गं, आई. कोणीतरी येईल तरी."

रविवारी शेजारीण ताईपाशी बसली आणि मी मावशीबरोबर गेले. चर्च भरलेलं होतं. शेवटपर्यंत मला वाटत होतं, ती म्हणेल. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

मावशीने माइक फार जवळ धरला, त्यामुळे तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"माझी मुलगी बरी झालेली नाही," ती म्हणाली. "तिच्या कमरेला जखम आहे. तुम्ही येत नाही म्हणून झाली. देवाचं तिच्यावर प्रेम आहे. तेही खरंय. त्याने स्वतःच्या मुलालासुद्धा त्या दिवशी वधस्तंभावरून खाली उतरवलं नाही. त्याची आई खालीच उभी होती. तुझा विश्वास कमी पडला का, असं तिला कोणी विचारलं नाही."

एवढं बोलून ती माइक कोणाकडे द्यायचा ते बघत राहिली. प्रचारकांनीच तो घेतला. "या आपल्या भगिनीच्या विश्वासासाठी प्रार्थना करू या," ते म्हणाले. लगेच गाणं सुरू झालं.

घरी आल्यावर ताईने विचारलं, "म्हणालीस?"

मावशी जे बोलली होती ते तिने सांगितलं.

"मग आता कोणी येणार नाही."

"नाही येणार."

"तुला खरं बोलायची हौस. पडून कोण राहतं? मी." ताईने तोंड भिंतीकडे केलं. मान तेवढी तिच्या हुकमतीत होती. संध्याकाळी ती जेवली नाही. मावशीने ताट झाकून ठेवलं आणि तिची कूस बदलली.

कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी तोंडात बारीक खिळे धरून एका खुर्चीला कापड ठोकत होती. मी दुसऱ्या बाजूने कापड ताणून धरलं होतं. आतून हाक आली.

"आई, ते त्याच्या आईचं काय म्हणालीस? परत सांग."

मावशीने एकेक खिळा तळहातावर काढला आणि आत गेली.