एकाच उन्हातले दोन फोटो

महाडात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप यांवर घर चालायचं. स्लाइडची फिल्म मात्र मी फक्त हौसेसाठी वापरायचो. रोल मुंबईला धुवायला पाठवायचा आणि परत आला की एकेक स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरून बघत बसायचं.

नव्वदच्या दशकात उमरठच्या वरच्या एका वाडीत अशीच एक स्लाइड काढली होती. गोठ्यापुढे उभा असलेला घरधनी, उजवीकडच्या म्हशीच्या पाठीवर त्याचा हात, डोक्याला लाल मुंडासं, मागे लोंब्या फुटायच्या बेतातलं, पोटरीला आलेलं भात.

पुढे डिजिटल कॅमेरा आला, मीही घेतला. त्या सुमारास त्या माणसाची मुलगी स्टुडिओत आली. लग्न होऊन ती मुंबईला असायची. वडील वारले होते, आणि आईवडिलांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. तिने त्याच गोठ्यापुढे आईचा डिजिटल फोटो काढून आणला होता. वडिलांच्या स्लाइडवरून प्रिंट करून दोन्ही शेजारी लावायचे, पण एकाच दिवशी काढल्यासारखे दिसले पाहिजेत, असं तिचं म्हणणं होतं.

मला ते सोपं वाटलं. खालून दिवा लावलेल्या दुधी काचेवर स्लाइड ठेवली आणि शेजारी कॉम्प्युटर उघडला. स्लाइडमधल्या सावल्या जवळजवळ काळ्या, कडेला किंचित निळसर. हिरवा रंग जड, नुकता भिजल्यासारखा. आईच्या फोटोत सगळंच दिसत होतं, त्यामुळे नजर कुठेच ठरत नव्हती. मी सावल्या गडद केल्या, हिरवा चढवला, उन्हात पिवळा मिसळला. गोठा जुळला, पण बाईंचा चेहरा तांब्यासारखा झाला. चेहरा हलका करावा, तर त्या वरून चिकटवल्यासारख्या दिसायच्या.

बरेच दिवस असे गेल्यावर लक्षात आलं की मुलीने फोटो भर दुपारी काढलाय आणि माझी स्लाइड सकाळच्या तिरप्या उन्हातली आहे. रंग बदलता येत होते, उन्हाची दिशा नाही. हे खरं तर पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मी रंगांतच अडकलो होतो.

भात पोटरीला आल्यावर सकाळीच वाडीवर गेलो. आईंना गोठ्यापुढे उभं केलं, खिशातली स्लाइड आभाळाकडे धरून पुनःपुन्हा ताडून पाहिली आणि फोटो काढला. नंतर कॉम्प्युटरवर फारसं काम उरलं नाही.

प्रिंट घेऊन गेलो तेव्हा मुलगीही आली होती. आईंनी दोन्ही फोटो ओटीवर मांडले आणि बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी ह्यांचा फोटो काढलात ना, तवा मी गोठ्यातच व्हते. दुसरीची धार काढत व्हते. ह्यांनी हाक मारली, पण लाजून भायेर आले नाय."

मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गोठ्याच्या त्या काळ्या सावलीत कुणी असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन्ही फोटो एकाच चौकटीत बसवायचे ठरले. कोण कुठल्या बाजूला, ते आईंनीच सांगितलं.

"ह्यांना डावीकडं लावा. म्हंजे म्हस मधी येल. ती दोघांची व्हती."

मी तशीच चौकट करून दिली.