टेलची रातराणी

मी एकदा रातराणीच्या झाडाला मोगऱ्याचं अत्तर लावलं. तेव्हा मी भवानीनगरजवळच्या एका शाळेत नववीला वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. हे सांगायला नको होतं, पण मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी सांगेलच.

रातराणी आबांची. आबा माझे घरमालक, निवृत्त पाटकरी. उभी हयात कालव्याच्या काठाने फिरत, कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं हे बघण्यात गेलेली. नोकरी सुटली, पण पाळ्या काही सुटल्या नाहीत. अंगणात तीनच झाडं: तुळस, कढीपत्ता आणि शेवटी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात रातराणी. दर तिसऱ्या दिवशी सकाळी आबा कळशी आणि तांब्या घेऊन उभे राहत, "पाळी सुटलीऽ" अशी हाळी देत आणि तुळशीपासून ओळीने एकेक तांब्या घालत येत. रातराणीचा तांब्या झाला की "पाळी बंद!" मध्ये कढीपत्त्याने मान टाकली तरी त्याला थेंब मिळायचा नाही. "मागंल त्याला पानी दिलं तर टेलला काय जाईल, मास्तर? टेलच्या मानसाला पानी पोचिवतो, त्यो पाटकरी." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. आमच्या अंगणात ते न्हाणीच्या भिंतीपाशी होतं.

आबांची नजर लांबची. पाटाच्या पलीकडच्या काठाला कुणी चोरून पाइप टाकला, तर इकडून नावानिशी ओळखत. जवळचं मात्र काही दिसायचं नाही. ताटातली मिरची गवारीची शेंग समजून खायचे आणि मग संशयाने माझ्याकडे बघायचे. नाक तर तपकिरीने कधीच कामातून गेलेलं. अशा माणसाने रातराणी कशाला लावावी? तर थोरल्या बहिणीसाठी. निमगाव केतकीच्या आक्कांनी आपल्या झाडाची फांदी देताना म्हटलं होतं, "ने. पर तुज्या हातानं फुलायची न्हाय. जगाच्या उसाला पानी पाजलंस, दारात येक रोप जगिवलं न्हाईस." ते आबांना उसाचं पातं लागावं तसं लागलं होतं. "येकदा फुलू द्या, मास्तर. आक्काला हितं खुर्चीवर बशिवतो."

म्हणून रोज संध्याकाळी हुकूम सुटे, "मास्तर, नाक चालवा." मी डब्यावर वाकून श्वास घ्यायचा आणि अहवाल द्यायचा. अहवाल रोजचाच: नाही.

मला त्या झाडाची दया येई. तीन दिवसांनी एक तांब्या म्हणजे काय! आबा पारावर गेले की मी गुपचूप रोज दोन तांबे ओतू लागलो. झाड पाल्याने असं माजलं की शेजारची शेळी त्याच्याकडे बघून दावं तोडायची. फूल मात्र एक नाही. यावर मी शास्त्रीय विचार केला आणि तिसरा तांब्या सुरू केला.

वर्ष झालं. एका संध्याकाळी माझं "नाही" ऐकून आबांच्या बोटांतली तपकिरीची चिमूट नाकापर्यंत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. म्हणालो, "येतोय, आबा. बारीक येतोय."

"आन फुलं?"

"तीही बारीकच असतात. पानाआड."

उजाडताच आबांनी आक्कांना कार्ड टाकलं: रातराणी घमघमली, ये.

मी बारामती गाठली. अत्तरवाला म्हणाला, "रातराणी संपलीय, मोगरा देऊ?" मी म्हणालो, "फुलाचंच ना? द्या."

आक्का रविवारी भर दुपारच्या एस.टी.ने आल्या. आबांनी इस्त्रीची टोपी घातली होती, डब्यासमोर खुर्ची मांडली होती. आक्का बसल्याच नाहीत. एकदा वाकल्या आणि ताठ झाल्या. "आरं, फूल येक न्हाय, भर दुपार हाय, आन वास मोगऱ्याचा!" मग त्यांनी मातीत बोट घातलं. ते दोन पेरं आत गेलं. "हितं रातरानी कशाला लावलीस? भात लाव."

पाळी परवाच होऊन गेली होती. एव्हाना डबा कोरडा पडायला हवा होता. आबांनी स्वतःचं बोट घालून पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "उभ्या जल्मात पानी चोरनारं लई धरलं, मास्तर. चोरून पानी घालनारं पयल्यांदाच घावलं."

आक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. आबा हसले नाहीत. ती खुर्ची दिवसभर रिकामीच राहिली. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही कुंडीत आधी बोट घालतो, मग पाणी.

पुढच्याच महिन्यात मला बारामतीच्या शाळेत जागा मिळाली. निघताना आबांनी माझी वळकटी स्वतः रिक्षात चढवली आणि पिशवीतून माझा तांब्या काढून घेतला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. बारामतीला बी झाडं असत्याल."

पावसाळा सरता सरता आबा बारामतीच्या बाजारात भेटले. मला बाजूला घेऊन त्यांनी टोपीखालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत हिरवट-पांढऱ्या बारीक नळ्यांसारख्या फुलांचा घोस.

"नाक चालवा."

मी आता खोटं बोलणार नव्हतो. लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. "आबा, वास नाही येत."

"यील कसा? बारा वाजल्यात. रातरानी हाय ती." मग ते खुलले. "आक्का येऊन दोन दिस ऱ्हायली. सांजंला खुर्चीवनं उठंना बघा."

मला खरंच आनंद झाला. "पण आबा, झाडाला घातलंत तरी काय?"

आबांनी सावकाश तपकीर ओढली, नाक पुसलं.

"काय बी न्हाय. झाडाला कमी काय नव्हतंच, मास्तर. भाडेकरू येक जास्ती हुता."