सरळ रेषेतली फाट

सकाळी दहाला निकालाचं चित्र मोठं दिसावं म्हणून टीव्हीवर लावलं. चुंबकीय रेषा मध्येच तुटल्या होत्या.

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांच्यातल्या धगधगत्या प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्र कसं पिळवटतं, हे आमचा गट संगणकावर घडवून पाहतो. मी मालवणच्या घरून काम करते. महासंगणकावर पाळी मिळायला आठ महिने लागले होते, आणि निकाल असा. चुंबकीय रेषेला टोक नसतं. ती फिरून स्वतःलाच मिळते. टोकं दिसतायत म्हणजे गणित फसलं. निकाल ठेवायचा की टाकायचा, हे तीन वाजता पुण्याच्या सहकाऱ्यांना सांगायचं होतं. टाकला असता तर दुसरी पाळी येण्याआधी प्रकल्पाची मुदत संपली असती. माझी नोकरीही.

मी यादी केली. संभाव्य चुका अकरा. रेषा खरोखर तुटल्यात का, हे आकड्यांत तपासणं नवव्या क्रमांकावर होतं. मी क्रमानं जाते. एक वाजला तेव्हा चौथ्यावर होते.

सासरे पडवीत जाळं सांधत बसले होते. पाणी प्यायला आत आले आणि टीव्हीसमोर थांबले.

"ह्यां कोणाचा जाळा गो?"

"जाळा न्हय, बाबा. ताऱ्यातला चुंबक आसा. फाटलो."

"चुंबक आसांदे नायतर बांगडो. ह्यां फाटला नाय, कापला हा." त्यांनी हातातली सुई पडद्यावर वरून खाली फिरवली. "आपसूक फाटता तेवा वेडावाकडा फाटता. असा सरळ रेषेत फाटणा नाय. एवढा शिकलंस, तुका दिसणा नाय?"

मी सकाळपासून एकेक रेषा मोठी करून पाहत होते. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, तर सगळी टोकं सरळ उभ्या ओळींत. निसर्ग अशी फूटपट्टी वापरत नाही.

संगणक अवकाशाचे उभे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा साठवतो. चित्रात रेषा पुढच्या तुकड्यात न्यायची तर त्या शेजारच्या तुकड्याचा एक थर सोबत लागतो. जागा वाचवायला तो थर साठवणं मीच बंद केलं होतं, म्हणजे चित्रातली रेषा तुकड्याच्या कडेलाच थांबणार. 'चित्र काढणे' ही ओळ यादीच्या माथ्यावर होती, काम झालं म्हणून टिक केलेली. टिक केलेल्या ओळीकडे मी परत बघत नाही.

थेट नववा क्रमांक काढला. एका तुकड्यातून जितकं क्षेत्र बाहेर जात होतं, तितकंच शेजारच्यात शिरत होतं. सगळ्या सांध्यांवर. गणित शाबूत होतं. तुटलं होतं फक्त चित्र. मी खुर्चीत मागे टेकले. सकाळपासून पहिल्यांदाच.

तीन वाजता सांगितलं, निकाल ठेवा. वीस मिनिटांत बैठक आटोपली.

बाहेर आले तर सासऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "गावलो काय कापणारो?"

"गावलो. मीच."

"मगे सांधूक तुकाच होया," ते म्हणाले, आणि सुईत दोरा भरायला लागले.