हातचं मीठ

रोडपालीच्या चंद्रावतीला मीठ मोजायला कधी चमचा लागला नाही. लग्नातल्या हळदीचं मटण असो की माघात शेतात मडक्यात भाजायची पोपटी, मसाल्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, की मूठ आपोआप बरोबर सुटायची. गावात कुणाचं जेवण बिघडलं की बाया म्हणायच्या, "चंद्रावतीला बोलवायला काय झालं व्हतं?" आणि तीही ऐकून फुगायची, खोटं कशाला बोला!

पण चौऱ्याण्णवच्या त्या हिवाळ्यात बाई पार थकली होती. नवरा जगन, उभा जन्म खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढलेला माणूस, वर्षभर खाटेवर पडून. छाती भरून यायची, पाय सुजलेले. पनवेलच्या डॉक्टरनं बजावलं होतं, मीठ बंद, तिखट बंद, कोंबडीचं अळणी पाणी पाजा. आता बोला! ज्याच्या टाचांच्या भेगांत मीठ मुरलेलं, त्याला ताटात चिमूटभरही नाही.

ती रोज आलं-लसूण ठेचून, जराशी हळद घालून कोंबडी मऊ उकळायची आणि वाटी त्याच्यापुढे धरायची. तेच स्वतःही भातावर ओतून गिळायची. प्रेमबीम म्हणाल तर तसलं काही नाही. दोनदा रांधायला अंगात त्राण होतं कुणाच्या? आणि तो बघत असताना मसाल्याचं कालवण घशाखाली उतरतही नसे, एवढं मात्र खरं.

गेले चार दिवस जगननं त्या वाटीकडे तोंड फिरवलं होतं. "मना पोपटी पायजे," एवढंच धरून बसलेला.

"डाक्टरला इचार जा," ती वैतागायची.

"त्याला काय इचारायचं? तो येनाराय काय रांधायला?"

चार दिवस पोटात नुसता घोटभर चहा. गालांची हाडं वर आली होती. माणूस असा उपाशीच जातो की काय, या धास्तीनं ती अर्धी झाली होती.

त्यात रविवारी गुरुदत्त साहेबांची पोपटी. साहेब कळंबोलीच्या नव्या बिल्डिंगीत राहायचे, बँकेत होते, आणि दरवर्षी ऑफिसची माणसं घेऊन बांधाखालच्या शेतात जमायचे; पोपटी लावायची ती चंद्रावतीनंच. नको म्हणावंसं वाटलं, पण शब्द दिलेला. सकाळी तिनं कोंबडीला वाटण, घरचा मसाला, लिंबू चोळलं. मिठाची अर्धी मूठ पडली आणि सवयीनं बोट चाटलं. भरपूर झालं की! उरलेलं मीठ तिनं परत बरणीत टाकलं.

मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं पालथं घालून भोवती पेंढा नि काटक्या पेटवल्या. अर्ध्या तासानं पाण्याचा शिपका मारला, चर्र वाजलं, म्हणजे शिजलं. मडकं उघडलं तेव्हा साहेबांच्या मिसेस पद्मजाबाई आधीच पत्रावळ घेऊन उभ्या होत्या.

पहिल्या घासाला सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग गुरुदत्त हळूच म्हणाले, "मावशी, वास एकदम फर्स्टक्लास. पण या वेळी मीठ राहिलं का हो?"

"राहील कसं?" ती तडकली. एक तुकडा तोंडात टाकला. तिला तर बरोबर लागला. पुन्हा चाखला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर अळणी गिळून तिची जीभ नवऱ्याचीच झाली होती. पद्मजाबाईंनी मिठाची पुडी फिरवली, मंडळी हसतखेळत जेवली. चंद्रावतीला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चाळीस वर्षांचं नाव, गेलं की हो!

साहेबांनी आग्रहानं थोडी कोंबडी बांधून दिली. घरी येऊन ती खाटेच्या कडेला मटकन बसली. जगनला वास लागला. चार दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून उठून बसला आणि त्यानं 'आ' केला.

नाही म्हणायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. वरचा मसाला पुसून हाडालगतचा एक तुकडा तिनं त्याला भरवला. तो डोळे मिटून चावत राहिला. आता हाही तेच म्हणणार, म्हणून तिनं मान खाली घातली.

"चंद्रे," जगन म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाय. मीठ बराबर हाय बग."

तिनं पदरात तोंड खुपसलं आणि ती ढसाढसा रडली.

"काय झालं गो?"

"काय नाय. खा तू," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा पुसायला घेतला.