आमच्या बत्तीतली वाळू

नव्या गॅसबत्तीचं मेंटल, म्हणजे आतली उजेड देणारी जाळी, मी बोट लावून मोडलं. विझल्यावर ते कापसाच्या बोंडासारखं पांढरं दिसत होतं. मऊ आहे का बघावं म्हणून टोचलं, तर भुरभुर राख खाली. उंब्रजच्या आमच्या घरात पहिल्यांदाच बत्ती आली होती, आणि घरातल्या कर्त्या पुरुषानं पहिल्याच संध्याकाळी तिला आंधळं केलं.

बत्ती आणणारा माझा धाकटा भाऊ पोट धरून हसला. फौजेतून सुटून तो केरळात, समुद्रकाठच्या वाळूच्या कारखान्यात लागला होता. दुसरं मेंटल बांधता बांधता त्यानं सगळं सांगितलं. समुद्र खवळून ओसरला की काठावर काळी वाळू साचते. ती खरवडायची, धुवायची, वाळवायची, मग लोहचुंबकाखालून न्यायची. काळे कण आधी उचलले जातात. मधाच्या रंगाच्या कणांना जास्त जोराचं चुंबक लागतं. खरा माल तो. तो दुसऱ्या कारखान्यात कॉस्टिक सोड्यात शिजवतात, आम्लात विरघळवतात आणि त्यातून थोरियम, सेरियम वेगळं काढतात. त्यांच्याच क्षारांच्या पाण्यात मेंटलची जाळी भिजवलेली असते.

"सेरियम चिमूटभरच आसतं, दादा," तो म्हणाला. "पर तेवढं न्हाई घातलं तर उजेड मेल्यावाणी पडतो. जाळीचं कापड पहिल्यांदाच जळून जातं. मागं राहती ती राख, आन् उजेड तीच देती. म्हणून बोट लावू नगं."

रजा संपेपर्यंत बत्ती तोच पेटवायचा. जाताना, उसाच्या लागणीला नोकरी सोडून कायमचा येतो, असा शब्द त्यानं वहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, दिला. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डीत होता. तिच्याच हातचं खाऊन वाढला. शिराळ्याकडची एक मुलगीही तिनं त्याच्यासाठी हेरून ठेवली होती.

लागणीआधी तार आली. वाळू खरवडताना लाटेनं त्याला ओढून नेलं होतं. देह काठाला लागल्यावर तिकडंच सगळं उरकून त्याचा सोबती अस्थी आणि राख घेऊन आला. कराडच्या संगमावर मी गाडगं उपडं केलं. तेही धड जमलं नाही. निम्मी राख माझ्याच धोतरावर आली.

बत्ती खुंटीला तशीच. त्यानं बांधलेलं मेंटल शाबूत होतं. बायको रोज हलक्या हातानं काच पुसायची, पण बत्ती पेटवू द्यायची नाही. पंप मारताना हिसका बसून मेंटल मोडेल, ही तिची भीती. आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवायचो. एकदा मीच म्हणालो, मेंटल मोडलं तर कराडात दुसरं मिळतं, लावूया की आता.

तिचा काच पुसणारा हात थांबला नाही.

"भावजींची राख नदीत सोडली," ती म्हणाली. "येवढी तरी घरात राहू द्या."