आकडा रांगेतून दिसला पाहिजे

“आकडा कोठे शे, भाऊ?” दूध घालायला आलेल्या हिराअक्कानं विचारलं आणि माझी सगळी ऐट उतरली.

नरडाण्याजवळच्या एका गावातली दूध डेअरी. सकाळची रांग. फॅट मोजणारं मशीन आत आणि आकडा दाखवणारा डिस्प्लेचा डबा बाहेर, खिडकीत. फॅटवर दुधाचा भाव ठरतो, म्हणून तो आकडा प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो. जुना डिस्प्ले गेला होता आणि कंपनीनं तो बनवणंच बंद केलेलं. धुळ्यातली तीन दुकानं पालथी घालून मी तेवढ्याच मापाचा, तेवढ्याच पिनांचा दुसरा शोधला. जोडला, अक्षरं गडद करायचा बारीक स्क्रू फिरवला. खिडकीपुढच्या ओट्यावर उभं राहून पाहिलं. झक्क!

“दिसतोय की, अक्का. तुमचा चार पॉइंट एक.”

“तुले दिसस. आमले नही दिसस!”

खाली रांगेत कुजबुज सुरू झाली. दोघी बाया कॅन उचलून निघाल्यासुद्धा. डेअरीचे सेक्रेटरी नाना पांढरेफटक पडले. “साहेब, काहीही करा. पंधरा वर्षांत कोणी माझ्या मापावर बोट ठेवलेलं नाही.”

मी पुन्हा स्क्रू फिरवला. वायरी तपासल्या. सगळं ठीक!

“खाली ये ना भाऊ,” अक्का खेकसली. “मंग समजी.”

उतरलो. तिच्याशेजारी वाकून पाहिलं. काच कोरी! हात्तिच्या!

या डिस्प्लेंना बघायची बाजू असते. काही खालून नीट दिसतात, काही वरून. मी वरून दिसणारा आणला होता. त्यात मी सहा फुटी, आणि वर ओट्यावर चढून खूश!

खालून दिसणारा डिस्प्ले मागवून यायला आठवडा लागणार होता. तोवर डबा पुढे झुकवायला हवा. मी वीट शोधतोय, तोच अक्कानं स्वतःच्या कॅनचं झाकण काढून पुढे केलं. मी ते डब्याच्या मागच्या बाजूखाली सारलं.

“चार पॉइंट एक!” अक्का ओरडली. “आते बठ्ठासले दिसस!”

खरंच, आता सगळ्यांना दिसत होता. रांग हसली. निघालेल्या बाया परत आल्या. नानांनी चहा मागवला, आणि खरं सांगतो, इतका गोड चहा मी आजवर प्यायलो नाही.

आठवड्यानं योग्य डिस्प्ले बसवला आणि झाकण परत करायला गेलो. अक्का म्हणाली, “ऱ्हाऊ दे भाऊ. पिशवीमा ठेव. पुढला गावमा काम पडी.”

ते अजून माझ्या टूलबॅगेत आहे. आता डिस्प्ले बसवला की मी आधी ओट्यावरून खाली उतरतो आणि रांगेत उभा राहतो.